चुकून भलत्याच्या खात्यात गेलेले पैसे: या चुका टाळा

हापूसच्या हंगामात मुंबईहून देवगडच्या बागायतदाराला पेट्यांची आगाऊ रक्कम पाठवताना मोबाईल क्रमांकातला एक आकडा चुकला, तर ती रक्कम क्षणात अनोळखी माणसाकडे पोहोचते. ती परत मिळू शकते. परंतु त्यानंतरच्या पहिल्या काही तासांत घाबरून केलेल्या गोष्टींमुळेच हे काम पुष्कळदा अवघड होऊन बसते.

नेमके काय घडले आहे, हे न पाहता धावाधाव करणे ही पहिली चूक. बंदरावर रेंज अपुरी असताना मासळीचे पैसे पाठवले, खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोरच्याला मिळाली नाही, तर तो चुकीचा व्यवहार नसून अडकलेला व्यवहार असतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार अशी यूपीआयची रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे आणि त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय असते. म्हणून ॲपमध्ये व्यवहार प्रलंबित दिसत असताना घाईने पुन्हा पैसे पाठवू नयेत.

रक्कम खरोखरच दुसऱ्याकडे गेली असेल, तर ती आपल्या वॉलेटमधील (ॲपमध्ये आगाऊ भरून ठेवलेल्या) शिलकीतून गेली की त्याच ॲपमधून थेट बँक खात्यातून, हे आधी पाहावे. शिलकीतून गेली असल्यास वॉलेट कंपनीकडे आणि खात्यातून गेली असल्यास ॲपच्या तक्रार विभागाबरोबरच आपल्या बँकेकडेही त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. तक्रारीत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र संदर्भ क्रमांक), तारीख, वेळ, रक्कम आणि पैसे प्रत्यक्षात कोणाला पाठवायचे होते हे लिहावे व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. शाखेत तोंडी सांगून आलेल्या माणसाकडे पुढे दाखवायला काहीच उरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करणे. पैसे परत मिळवून देतो असे सांगून पिन टाकायला किंवा आपल्या फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप घ्यायला लावणारी माणसे अशाच शोधाची वाट पाहत असतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्रमांक ॲपच्या आतून, पासबुकवरून किंवा डेबिट कार्डाच्या मागून घ्यावा.

बँक समोरच्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून पैसे काढून देत नाही, हे कळल्यावर काही जण १९३० या सायबर हेल्पलाइनवर फसवणूक झाल्याची खोटी तक्रार करतात. हे मला अत्यंत गैर वाटते, कारण अशा तक्रारीमुळे ज्याचा काहीच दोष नाही अशा माणसाचे खाते गोठू शकते. खरी फसवणूक झाली असेल तर मात्र १९३० वर एक मिनिटही उशीर करू नये.

समोरच्याशी धमकीने नव्हे, सभ्यतेने बोलावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे परत करणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. तो सरळ नकार देत असेल तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा हा मार्ग आहे. बँकेने किंवा वॉलेट कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल सेवेतील त्रुटी पाहतो. क्रमांक आपणच चुकवल्याची जबाबदारी तो बँकेवर टाकेल, अशी अपेक्षा धरू नये.

पाठवण्यापूर्वी पडद्यावरचे नाव वाचावे. जून २०२५ च्या अखेरीपासून यूपीआयमध्ये बँकेत नोंदलेलेच नाव दिसते. तरीही एकाच वाडीत एकाच आडनावाची पुष्कळ घरे असल्याने मोठ्या रकमेआधी एक रुपया पाठवून फोनवर खात्री करावी.

आणि आपल्याच खात्यात अनोळखी पैसे आले व ‘चुकून आले, या क्रमांकावर परत पाठवा’ असा फोन आला, तर स्वतः पाठवू नयेत. आधी बँकेच्या नोंदीत पैसे खरोखर आले आहेत का ते पाहावे आणि आले असल्यास ते मूळ खात्यात परत करण्यासाठी बँकेला लेखी कळवावे.