साहेबांचं अकाउंट चालवताना या चुका टाळा

कंपनीप्रमुखांच्या पोस्ट लिहून देणं, तपासणं आणि अंगाशी आलं की निस्तरणं, हे माझं काम. नवा प्रमुख पहिल्याच बैठकीत "फॉलोअर किती दिवसांत वाढतील?" असं विचारतो, तेव्हाच पुढचे तीन महिने कसे जाणार ते मला कळतं. आपल्या हाताखाली काम करणारे लोक आपली पोस्ट वाचून मान डोलावतात की एकमेकांना कोपराने ढोसतात, हे त्याला विचारावंसं वाटत नाही. खरं तर तपासायची गोष्ट तेवढीच आहे.

शेड्यूल करून विसरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे.

एका कंपनीत आम्ही महिन्याभराच्या पोस्ट आधीच लावून ठेवल्या होत्या. एके दिवशी सकाळी साडेनऊला काही जणांना नोकरी गेल्याची मेल गेली. मला याचा पत्ता नव्हता. साडेदहाला प्रमुखांच्या अकाउंटवर ठरल्याप्रमाणे पोस्ट पडली: टीमचा हसरा फोटो आणि खाली 'माझी माणसं हीच माझी पुंजी'. ओळ माझीच. फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीला तासाभरापूर्वी ती मेल मिळाली होती. तिने खाली एवढंच लिहिलं, "सर, या फोटोत मीपण आहे."

इथवर प्रकरण सावरता आलं असतं. पण मार्केटिंगमधल्या कुणीतरी घाबरून ती कमेंट उडवली. मग स्क्रीनशॉट फिरू लागले, आणि दुपारपर्यंत पोस्टपेक्षा उडवलेली कमेंटच जास्त लोकांनी वाचली. प्रमुख विमानात होते आणि शेड्यूलरचा, म्हणजे ठरल्या वेळी पोस्ट टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड एकाच माणसाकडे, तोही रजेवर.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. पोस्ट असेल त्या दिवशी सकाळी एचआरला फोन करून "आज थांबवू का?" एवढंच विचारतो. ते "थांबव" म्हणाले की थांबवतो, कारण विचारत नाही. गुपितं त्यांची त्यांच्याकडे राहू देत. पासवर्ड कायम दोघांकडे असतो. आणि शिवीगाळ किंवा कुणाचा फोन नंबर-पत्ता असल्याशिवाय कमेंटला हात लावत नाही, कितीही झोंबली तरी.

वाईट बातमी आली की वकिलाची भाषा बोलणं

९ एप्रिल २०१७ ला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत बाहेर काढलं गेलं आणि तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. सीईओ ऑस्कर मुनोझ यांच्या पहिल्या निवेदनात दिलगिरी कशाबद्दल होती? प्रवाशांना 'रीअकोमोडेट' करावं लागलं याबद्दल. माणूस रक्तबंबाळ झालेला लोकांनी डोळ्यांनी पाहिलाय आणि तुम्ही जागांच्या फेरवाटपाची भाषा बोलताय! सरळ माफी मागायला आणखी एक दिवस गेला, पण तोवर त्या शब्दाची टिंगल होऊन गेली होती.

याच्या उलट उदाहरण मी प्रत्येक नव्या माणसाला दाखवतो. १९ मार्च २०२० ला मॅरियट या हॉटेल कंपनीचे तेव्हाचे सीईओ आर्न सोरेन्सन यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक व्हिडिओ केला. कर्करोगाच्या उपचारांमुळे त्यांचे केस गेले होते आणि त्या अवस्थेत व्हिडिओ करावा का, अशी टीमला धाकधूक होती. हेही त्यांनी व्हिडिओतच सांगून टाकलं. कोरोनामुळे धंदा किती बसलाय तेही सांगितलं. मग, आपण स्वतः आणि कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बिल मॅरियट २०२० च्या उरलेल्या महिन्यांत पगार घेणार नाही आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचा पगार निम्मा होईल, असंही सांगितलं. लोकांना आठवतो तो त्यांचा दाटून आलेला आवाज. मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम: आधी वस्तुस्थिती, मग स्वतःच्या खिशाला चाट, भावना आपोआप आली ती शेवटी.

उतावळे लोक यातली फक्त भावना उचलतात. २०२२ मध्ये एका प्रमुखाने कर्मचारी कमी केल्यावर स्वतःचा रडतानाचा सेल्फी लिंक्डइनवर टाकला होता. नोकरी दुसऱ्यांची गेली, फोटो मात्र याचा.

आवाज दुसऱ्याचा

पोस्ट लिहून घेण्यात गैर काही नाही, माझं पोट त्यावरच चालतं. पण "तूच काहीतरी छान लिही" म्हणणाऱ्याला मी हल्ली नाही म्हणतो. आठवड्यातून दहा मिनिटं फोनवर बोला, मी रेकॉर्ड करतो आणि तुमचेच शब्द कागदावर आणतो. ज्यांना तेवढीही सवड नाही ते एआयकडून लिहून घेतात, आणि मग दहा कंपन्यांचे दहा प्रमुख एकाच सुरात 'प्रवास' आणि 'शिकवण' यांबद्दल लिहीत बसतात.

वर सांगितलेल्या प्रकरणात प्रमुख विमानातून उतरले आणि पोस्ट काढा म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या, त्या मुलीची कमेंट आमच्या चुकीने उडाली हे तुम्हीच खाली लिहा. आधी त्यांनी तिला फोन केला, मग स्वतः टाइप केलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, मी तशाच ठेवल्या.

बाकीच्या, थोडक्यात

पैशांचे आकडे किंवा सौदे तावातावात जाहीर करू नका. ७ ऑगस्ट २०१८ च्या 'फंडिंग सिक्युअर्ड' (टेस्ला शेअर बाजारातून काढून घ्यायला पैशांची सोय झाली आहे) या ट्वीटपायी इलॉन मस्क आणि टेस्ला यांना अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे प्रत्येकी २ कोटी डॉलर भरावे लागले, शिवाय मस्क यांचं अध्यक्षपद गेलं ते वेगळंच.

टीमच्या कामाची पोस्ट टाकताना 'मी' किती वेळा आलाय ते मोजा.

पोस्ट टाकून पसार होऊ नका. पहिला तासभर कमेंट वाचा, अडचणीच्या प्रश्नाला आधी उत्तर द्या, अभिनंदनवाले थांबतील.

आणि ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सरांची पोस्ट आली आहे, सर्वांनी लाइक करा' हा निरोप, तो तर कृपा करून बंदच करा. एकदा तो घाईत ग्रुपऐवजी पोस्टखालीच पडला होता, आणि त्यालाच सगळ्यात जास्त लाइक मिळाले.