साधी डिजिटल डायरी घेताना

फोन नंबर, भेटीच्या वेळा आणि चार नोंदी एवढ्यासाठीच ऑर्गनायझर हवा असेल, तर मेमरीच्या आकड्याला फार भुलू नका. नाव, नंबर, पत्ता मिळून एका नोंदीला साधारण ५० अक्षरं लागतात, आणि एका केबीत (किलोबाइट, मेमरीचं माप) साधारण हजार अक्षरं मावतात, म्हणजे ३२ केबीतही सहाशेच्या आसपास नोंदी बसतात. तेवढे लोक आपल्या ओळखीचे असतात का, हा वेगळा प्रश्न!

खरी मेख बॅटरीत आहे. स्वस्त यंत्रांत बहुधा सगळी माहिती वीज असेपर्यंतच टिकते. सेल संपला की डायरी कोरी. माझ्या पहिल्या डायरीत एकच सेल होता. तो बदलायला झाकण उघडलं आणि दोन वर्षांचे नंबर गेले. त्यामुळे मागचं झाकण उघडून बघाच. मुख्य सेलशिवाय बॅकअपचा वेगळा सेल असेल तर उत्तम. दोन्ही एकाच वेळी कधीच काढायचे नाहीत. सेल सीआर २०३२ सारखा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा ३ व्होल्टचा बटण सेल असेल, तर तो सहज मिळतो.

मग हातात धरून एक पूर्ण नाव टाइप करा. रबरी बटणं दाबताना अक्षर दोनदा उमटत असेल तर ठेवून द्या. स्क्रीन जरा तिरकी करून वाचता येते का तेही पाहा. जुनं यंत्र घेणार असाल, तर कंप्यूटरला जोडायची केबल तुमच्या कंप्यूटरला लागते का, हे आधी विचारा.