अनुदान देणाऱ्या ट्रस्टची वेबसाइट नव्याने करताय? या चुका टाळा

साइटचं काम निघालं की पहिली बैठक मुखपृष्ठावरच खर्ची पडते. संस्थापकांचा फोटो डावीकडे की मधोमध, यावर तास घालवलेला मी पाहिलाय. अर्जदार संस्थेला त्याचं काही पडलेलं नसतं. आपण निकषात बसतो का आणि शेवटची तारीख कोणती, एवढंच तिला हवं असतं. ते लॉगिनच्या आधी दिसू द्या. कोणते जिल्हे, किती रकमेपर्यंत, कार्यकर्त्यांचं मानधन धरता येतं का, सगळं स्पष्ट लिहा. मानधनाचं विचारायला फोन करताना लोक फार संकोचतात.

खरा घोळ होतो मराठी मजकुरात. ‘500 अक्षरांत लिहा’ म्हणायचं आणि आत मोजायचे बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीचं माप! यूटीएफ-8 या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. ‘क्षेत्र’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, पण पाय मोडल्याच्या खुणा आणि मात्रा धरून आत चिन्हं 7 आणि बाइट 21. रकाना तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच ‘मर्यादा संपली’ म्हणतो, आणि बिचाऱ्या अर्जदाराला वाटतं आपलंच काही चुकलं. शब्द मोजा, भांडण मिटेल.

दुसरी गंमत फॉन्टची. बऱ्याच संस्थांचे जुने अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तिथून कॉपी करून फॉर्ममध्ये चिकटवलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. रकान्याशेजारी ‘मजकूर युनिकोडमध्ये हवा’ अशी सूचना आणि कन्व्हर्टरची लिंक द्या.

भरलेला अर्ज उडाला, ही तक्रार आली तर आधी सेशनची वेळ, म्हणजे साइट भरणाऱ्याला किती वेळ लक्षात ठेवते, ते बघा. पीएचपी या साइट बनवायच्या भाषेचं मूळ सेटिंग 1440 सेकंदांचं, म्हणजे 24 मिनिटांचं असतं. तेवढ्यात कपाटातून ऑडिट रिपोर्टसुद्धा सापडत नाही. प्रत्येक पान आपोआप जतन झालं पाहिजे. सगळे प्रश्न आधीच डाउनलोड करता आले तर उत्तमच. लोक कागदावर उत्तरं लिहून मग बसतात.

कागदपत्रांची यादी जुन्या साइटवरून तशीच उचलू नका. 1 एप्रिल 2021 पासून संस्थांची आयकर नोंदणी आयकर कायद्याच्या कलम 12ए ऐवजी 12एबी खाली होऊ लागली, तरी फॉर्म अजून 12ए चंच प्रमाणपत्र मागतात. जुना कागद अपलोड होतो आणि अर्ज छाननीत अडकतो.

जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवा, अर्ज पोचल्यावर क्रमांकासह एसएमएस पाठवा. ही दोन कामं विसरू नका.

चाचणी मात्र ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर नको. तालुक्याच्या गावातल्या कार्यकर्तीला तिच्याच मोबाइलवर अर्ज भरू द्या आणि शेजारी गप्प बसा. आमच्याकडे एक ताई ‘प्राधिकृत स्वाक्षरीकर्ता’पाशी थांबल्या. म्हणाल्या, “म्हणजे आमचे अध्यक्ष का सचिव?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हालाही सांगता येईना.