'मॉड चालत नाही' एवढंच लिहून पळू नका: सिटीज स्कायलाइन्सच्या मॉडरला कामाचा रिपोर्ट कसा द्यायचा

सिटीज स्कायलाइन्स या शहर बांधायच्या गेमचा पहिला भाग मार्च 2015 मध्ये आला, आणि आजही कुठल्याही चालू मॉडखाली (मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेली गेमची जोडणी, बनवणारा तो मॉडर) बघा, कुणीतरी "नॉट वर्किंग, प्लीज फिक्स" एवढंच टाकून गायब झालेलं असतं. हसू नका, मी पण केलंय हे. ट्रॅफिक मॅनेजर प्रेसिडेंट एडिशन हा वाहतूक सांभाळणारा मॉड नवीन नवीन टाकला होता, दोन दिवसांत अख्खा हायवे ट्रकांनी तुंबला आणि मी तणतणत लिहिलं की तुमच्या मॉडने माझ्या शहराची वाट लावली. एकाने शांतपणे विचारलं, डीस्पॉनिंग बंद केलंय का? केलं होतं की! मीच, पहिल्या दिवशी, हे बटण काय करतं बघू म्हणून. मूळ गेम काय करतो तर गाडी फार वेळ अडकली की तिला गुपचूप गायब करून टाकतो, त्यामुळे जाम तेवढा दिसतच नाही, आणि ते बटण दाबलं की गाड्या गायब व्हायच्या थांबतात आणि आपण बांधलेल्या रस्त्यांची खरी लायकी समोर येते. कमेंट डिलीट केली, पण ज्याला बघायची त्याने बघितलीच असणार.

तर आधी हे बघा की दोष खरंच मॉडचा आहे का. सगळ्या गाड्या तीन लेन सोडून एकाच लेनमध्ये रांग लावतात हा गेमचाच स्वभाव आहे, कारण पुढे कुठे वळायचंय त्यावरून गाडी आधीच लेन धरून बसते. शहर मोठं झाल्यावर बस निघत नाहीत, ट्रक येत नाहीत, तेव्हा लिमिट आठवा: पहिल्या भागात एका वेळी चालत्या गाड्या जास्तीत जास्त 16,384, इमारती 49,152 आणि रस्त्यांचे नोड (तुकडे जिथे जोडतात ते बिंदू) 32,768. 81 टाइल्सवाला, म्हणजे नकाशाचे सगळे चौकोन उघडणारा मॉड टाकून जमीन भरपूर मिळते, हे आकडे मात्र तेवढेच राहतात. इथे मॉडरला शिव्या घालून काही होणार नाही.

एवढं बघूनही मॉडवरच संशय असेल तर स्कायव्ह नावाचा मॉड तपासणारा प्रोग्राम वापरा. कुठला मॉड जुना झालाय, कुठला कुणाशी भांडतोय हे तो सांगतो, अर्ध्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो. आणि गेम पूर्ण बंद करून परत उघडा, आतल्या आत दुसरं सेव्ह लोड करू नका, त्याने भलतेच एरर येतात.

तरी सुटलं नाही तर आता खरं काम, म्हणजे दोषी शोधणं. एकेक मॉड काढून बघत बसलात तर रविवार जाईल. अर्धे काढा, गेम चालवा. गडबड गेली तर दोषी काढलेल्यांत, नाही गेली तर उरलेल्यांत, मग त्यातले अर्धे. 64 मॉड असले तरी सहा फेऱ्यांत एकावर येता. दोन गोष्टी सांभाळा. हार्मनीसारखे जे मॉड बाकीच्यांना लागतात ते प्रत्येक फेरीत राहू द्या, नाहीतर त्यांच्यावाचून दुसरेच मॉड कोसळतील आणि तुम्ही भलत्याच्या मागे लागाल. आणि पहिल्या भागात मॉडची टिक काढून भागत नाही, डिसेबल केलेला मॉडही गेम लोड करतोच, म्हणून स्टीमवर, म्हणजे जिथून गेम आणि मॉड घेतो तिथे, सरळ अनसबस्क्राइब करायचं. कधीकधी दोन मॉड एकत्र असले तरच फाटतं, एकेकटे दोघेही साधू असतात, तर शेवटी दोन उरले आणि कुठलाही एक काढला की सगळं ठीक, असं झालं तर तेच तुमचं उत्तर.

हे सगळं नव्या शहरावर किंवा सेव्हच्या कॉपीवर करायचं हां, लाखभर लोकवस्तीच्या लाडक्या शहरावर नाही. रस्ते देणारा मॉड काढून शहर उघडलं की ते रस्ते उडतात, आणि त्यात ऑटोसेव्ह झालं की मग रडत बसा.

आता लॉग, म्हणजे गेम चालताना काय काय झालं त्याची नोंद. स्क्रीनवर एरर आला की त्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढून पाठवणारे खूप आहेत, त्यातून मॉडरला काही मिळत नाही, मजकूर कॉपी करा. पूर्ण लॉग विंडोजवर गेमच्या फोल्डरमध्ये असतो: स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, मॅनेज, ब्राउझ लोकल फाइल्स, मग सिटीज डेटा नावाचा फोल्डर, आत आउटपुट लॉग नावाची टेक्स्ट फाइल. गेम परत सुरू केला की ती फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणजे क्रॅश झाल्या झाल्या आधी तिची कॉपी बाजूला काढा, मग चहा. दुसऱ्या भागात, म्हणजे ऑक्टोबर 2023 वाल्यात, प्लेअर लॉग नावाची फाइल असते, ती अ‍ॅपडेटामधल्या लोकललो फोल्डरमध्ये गेम बनवलेल्या कोलॉसल ऑर्डर कंपनीच्या नावाखाली सापडेल. लॉगमध्ये शंभर एरर असतील तर पहिला महत्त्वाचा, बाकीचे बरेचदा त्याचीच पिल्लं. आणि फाइलमध्ये तुमच्या कॉम्प्युटरचं युजरनेम दिसू शकतं, नको असेल तर पाठवण्याआधी बदलून टाका.

रिपोर्ट लांब नको, पण मॉडरला स्वतःच्या मशीनवर तीच गडबड करून बघता आली पाहिजे, त्याला तुमचं शहर दिसत नाहीये. असा काहीसा:

"रिकामा मॅप, डाव्या बाजूचं ट्रॅफिक, फक्त हा मॉड आणि हार्मनी. सहा लेनचा रस्ता काढला, त्याला दोन लेनचा जोडला, चौकात लेनचे बाण बदलले, सेव्ह केलं, गेम बंद करून परत उघडला. बाण मूळ जागी. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. गेमचं व्हर्जन हे, लॉग सोबत."

डाव्या बाजूचं ट्रॅफिक मुद्दाम लिहिलंय. नवीन शहर सुरू करताना आपण भारतातले लोक ती टिक लावतो, पण जगात बहुतेक देशांत गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे टेस्टिंग बरंचसं तसंच होतं आणि वळणं, बाण, सिग्नल यातली काही गडबड फक्त आपल्याकडेच दिसते. हे सांगितलं नाही तर मॉडर म्हणणार, माझ्याकडे तर नीट चालतंय. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, समोरचाही बरेचदा इंग्रजीवाला नसतो.

नवीन फीचर मागायचं असेल तर ते वेगळं लिहा, बगच्या रिपोर्टात घुसडू नका. "हे बटण द्या" यापेक्षा तुम्ही काय करायला जाताय आणि कुठे अडताय ते सांगा, कधीकधी तो मॉड ते आधीच करत असतो. आणि "कधी होणार?" हे दर आठवड्याला विचारू नका, माणूस नोकरी सांभाळून फुकट करतोय.

कोडिंग येत नसलं तरी मदत करता येते. तोच प्रश्न दहाव्यांदा आला की मॉडच्या वर्णनात उत्तर कुठे आहे ते तुम्ही सांगून टाका, म्हणजे मॉडरची संध्याकाळ वाचते. दुसऱ्याने टाकलेला बग स्वतःकडे करून बघा आणि होतो की नाही ते लिहा, नुसतं "मला पण" नको. आणि तुमचा प्रश्न सुटला तर "सुटलं, थँक्स" एवढंच लिहून जाऊ नका बाबांनो, कशाने सुटलं ते लिहा, दोन वर्षांनी रात्री एक वाजता कुणीतरी तोच एरर सर्च करत तिथे पोचणार आहे.