पीएचडीचा अर्धा अभ्यास खाडीवर कसा करायचा (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

कोर्सवर्क झालं की आपल्याला वाटतं शिकणं संपलं, आता फक्त डेटा गोळा करायचा आणि लिहून टाकायचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, आणि पीएचडीला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. म्हणजे वर्गात बसून शिकायचा भाग तसा थोडाच, बाकीचं सगळं बाहेर, आणि ते बाहेर कसं शिकायचं याचा पेपर कोणी घेत नाही. माझा विषय ठाणे खाडीतली छोटी मासेमारी, त्यामुळे खालचं सगळं खाडीच्या अंगाने लिहिलंय, पण तुमचा विषय एपीएमसीतले, म्हणजे वाशीच्या बाजार समितीतले माथाडी असो नाहीतर मिठागरं असोत, बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी वेळापत्रक बदला. आपलं डोकं सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच असं चालतं आणि खाडी तिथीवर चालते. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोलीतलं दिवा कोळीवाडा, ठाण्यात चेंदणी, कुठेही जा, तुम्ही रविवारी सकाळी अकराला वही घेऊन पोचलात आणि तेव्हा होड्या बाहेर असल्या तर जेट्टीवर तुम्ही आणि मांजरं. मग लोक येऊन सांगतात की गावातले लोक बोलत नाहीत, सहकार्य करत नाहीत वगैरे. अहो ते कामावर गेलेत!

भरतीचा ढोबळ हिशोब जुन्या लोकांकडून शिकून घ्या, फार सोपा आहे. अमावस्या किंवा पौर्णिमेपासून तिथी मोजायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण, आणि रोज वेळ जवळजवळ पाऊण तासाने पुढे सरकते. पण हा हिशोब पाठ करून थांबू नका, इथूनच खरा अभ्यास चालू होतो. छापील तक्ता मिळतो तो मुंबईच्या अपोलो बंदराचा असतो, आणि पाणी वर ठाण्याच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, शिवाय खाडी वरती अरुंद होत जाते. तर एक दिवस काढा, जेट्टीच्या खांबावर खडूने इंचाच्या खुणा करा आणि एक अख्खं चक्र, म्हणजे बारा-साडेबारा तास, दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठे आलं ते लिहा. एकदा उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि एकदा भांगेला, अष्टमीच्या आसपास. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण तिथीचा हिशोब, छापील तक्ता आणि तुमचा खांब या तिघांची तुलना केली की तुमच्या जागेचा स्वतःचा उशीर किती ते तुमच्या हातात येतं, आणि दुसरा फायदा असा की बारा तास एका जागी बसलेली पोरगी बघून कोणीतरी येऊन विचारतंच की ताई हे काय चाललंय. तुमचा पहिला धडा तिथे सुरू होतो, तुम्ही न विचारता.

आता प्रश्न कसे विचारायचे. प्रश्नावली घरी ठेवा, निदान सुरुवातीचे महिने तरी. "प्रदूषणामुळे मासे कमी झालेत असं तुम्हाला वाटतं का" असं विचारलंत तर हो असंच उत्तर येणार, कारण प्रत्येक पेपरवाला, एनजीओवाला आणि उमेदवार हेच विचारून गेलाय आणि लोकांचं उत्तर घासून गुळगुळीत झालंय. मत विचारू नका, काम विचारा. आज जाळं कुठे टाकलं, इथेच का, काल तिथे का नाही, पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायला पाणी किती लागतं, डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, लावायची तर प्रवाहाचं तोंड कुठे पाहिजे. डोल खांबांना बांधून ठेवतात आणि प्रवाहच मासा आत आणतो, त्यामुळे डोलवाल्या काकांना पाण्याची दिशा जितकी कळते तितकी माझ्या यंत्राला कळत नाही. आणि हाताला काहीतरी काम घ्या. मासळी निवडायला बसा. जवळा, कोलंबी, बोय, शिंगाळा, निवटी, चिंबोरी, नशीब असेल तर जिताडा, हे ढीग वेगळे करताना मावश्या जे बोलतात ते रेकॉर्डर समोर ठेवून कधी बोलणार नाहीत. त्यातच कळतं की खालच्या, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला खारं पाणी, पावसात गोडं पाणी किती खाली येतं, कुठली मासळी कुठल्या महिन्यात, कुठली विकायची आणि कुठली घरी खायची (हे शेवटचं बाजाराच्या आकडेवारीत कधीच दिसत नाही, कारण घरी खाल्लेलं कोण मोजतंय).

पुरुषांशीच बोलून परत येऊ नका हे वेगळं सांगायला हवं असं वाटलं नव्हतं, पण प्रबंध वाचले की सांगावंसं वाटतं. होडीवर पुरुष असले तरी विक्री, भाव, उधारी, बर्फ, सगळा हिशोब बायकांकडे.

वर्षं विचारायची झाली तर त्याची एक युक्ती आहे आणि ती मौखिक इतिहासवाले सगळे वापरतात. "कधीपासून कमी झालं" याला कोणी १९८७ असं सांगत नाही, तुम्ही तरी सांगाल का. त्यापेक्षा मोठ्या घटनांची यादी खिशात ठेवा: नवी मुंबई वसवणारी सिडको आली ती १९७० साली, जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनातला जासईचा गोळीबार जानेवारी १९८४, वाशीला लोकल आली १९९२, आणि २६ जुलै २००५ चा पाऊस, तो तर सगळ्यांनाच आठवतो. मग विचारायचं, जासईच्या आधी की नंतर, वाशीला गाडी आली तेव्हा इथे कालवं मिळायची का. उत्तरं पटापट येतात, आणि दोघातिघांची जुळली की तुम्हाला दहा वर्षांच्या आतला अंदाज मिळतो. त्याच्याही मागे जायचं असेल तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर ऑनलाईन फुकट वाचता येतं, त्यात मासेमारीवर भाग आहे. तो वाचून गावातल्या आजोबांना त्यातली माशांची नावं वाचून दाखवा, बघा कुठल्या नावाला डोळे चमकतात. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, जुनं मराठी स्थानिक लिखाण शोधायला तिथे जाऊन बसा, सगळं काही शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, नसतं.

पण ऐकलेलं सगळं खरं धरायचं नाही, हे पण तेवढंच महत्त्वाचं. हल्ली एक फॅशन आलीय, लोकज्ञान म्हणजे पवित्र, त्याला हात लावायचा नाही. मला तो आदर वाटत नाही, आपल्या बरोबरीच्या माणसाचं म्हणणं आपण तपासतोच ना. काका म्हणाले पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी दोन दिवसात गोडं होतं, तर रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातला खारेपणा मोजायचं छोटं यंत्र) घेऊन जा आणि त्याच जागी, भरतीला आणि ओहोटीला वेगवेगळं, क्षारता मोजा. उघड्या समुद्राचं पाणी हजारी ३५ च्या आसपास असतं, तिथपासून किती खाली येतंय ते वहीत लिहा. आणि आकडा आला की तो काकांना नेऊन दाखवा! हा भाग बहुतेक जण गाळतात. जुळलं नाही तर ते सांगतील तू वरचं पाणी घेतलंस, खालचं घे, आणि बरेचदा तेच बरोबर असतं, गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं.

पक्षीवाल्यांसाठी थोडक्यात. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, ओहोटीला चिखलावर चरतात आणि भरतीला नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात, त्यामुळे दोन्ही वेळा बघितल्याशिवाय मोजणी करू नका. ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र सुरुवातीला जाऊन या, तिवर, कांदळ, चिपी ही खारफुटीची झाडं ओळखायला बरं पडतं, बोटीतून फिरता पण येतं.

परवानगीचं आधी बघा, कारण तिला वेळ लागतो. खाडीच्या काही भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलंय, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, पण गेली. अभयारण्याच्या हद्दीत संशोधन करायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यासाठी वनखात्याच्या कांदळवन कक्षात लवकर जाऊन बोला. झाडाची फांदीसुद्धा नमुना म्हणून तोडू नका तोपर्यंत. एकटीने चिखलात उतरायचं नाही, कधीच नाही, आणि गमबूटांवर पैसे घालू नका, मऊ चिखलात बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. जुने घट्ट बांधलेले कॅनव्हासचे शूज बरे, कालवांच्या कवचाने पाय कापत नाहीत. परत येताना ट्रान्स हार्बरच्या डब्यात लोक तुमच्यापासून लांब उभे राहतील, त्याचा पण फायदा आहे, बसायला मिळतं. कपडे बदलायला एक पिशवी ठेवलीत तर घरच्यांवर उपकार.

नोंदी त्याच रात्री लिहा, दुसऱ्या दिवशी नाही. वहीची पानं दोन भागात: डावीकडे जे बघितलं-ऐकलं ते त्यांच्याच शब्दात, उजवीकडे तुम्हाला त्यातून काय वाटलं. तारीख, तिथी, पाण्याची वेळ, कोणाबरोबर. उजवी बाजू सुरुवातीला भरभरून असते आणि डावी रिकामी, काही महिन्यांनी उलटं व्हायला लागलं की समजा तुम्ही ऐकायला लागलात.

नावं छापायची की नाही हे प्रत्येकाला वेगळं विचारा, एकदा सुरुवातीला आणि एकदा लिहून झाल्यावर. सगळ्यांना अनामिक ठेवणं सोपं पडतं पण काहींना आपलं नाव प्रबंधात हवं असतं, का नको असावं, माहिती त्यांची आहे. उलट कोणी जमिनीच्या वादाबद्दल, साडेबारा टक्क्यांबद्दल (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या भूखंडांबद्दल) काही बोललं असेल तर ते नाव, गाव, आळी, काही ओळखता येणार नाही असं लिहा, त्याने हो म्हटलं असलं तरी. प्रकरणाचा कच्चा मसुदा मराठीत दोन पानांत उतरवून गावात वाचून दाखवा. इंग्रजी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली म्हणजे दाखवलं असं होत नाही.

आणि गाईडला हे पटवायचं कसं, तर भावनिक भाषण देऊ नका. दर सहा महिन्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एक स्लाईड अशी ठेवा: खाडीवर काय ऐकलं, ते कसं तपासलं, काय टिकलं, काय पडलं. खांबावरच्या खुणांचा आलेख पण त्यातच लावा. ही सगळी स्लाईड मेथडॉलॉजीच्या खाली घाला, आभारप्रदर्शनात नाही.