फ्लॅटमध्ये सायकोलॉजिकल थ्रिलर शूट करताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं कुटुंब, आणि घरापर्यंत पोचलेला अनोळखी माणूस. अशा शॉर्ट फिल्मची स्क्रिप्ट बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर आपटते: ही माणसं मदत का मागत नाहीत? गेटवर वॉचमन, लिफ्टमध्ये सीसीटीव्ही, घरात इंटरकॉम, हातात फोन, भिंतीपलीकडे शेजारी. ठाण्यातल्या प्रेक्षकाला हे सगळं पाठ असतं, त्यामुळे ‘नेटवर्क गेलं’ एवढ्यावर तो ऐकत नाही. प्रत्येक वाट कारणासकट आधीच बंद करा. त्याहून सरस उपाय म्हणजे त्या माणसाला आत यायला रीतसर कारण द्या. पाइप गॅसचं मीटर बघायला म्हणून रजिस्टरमध्ये सही करून तो वर आला, की बाईंनी इंटरकॉम उचलला तरी खालून उत्तर येतं, “हो मॅडम, मीच सोडलंय त्यांना.” वाशी-नेरूळच्या सिडकोच्या बैठ्या घरात मात्र वॉचमनपेक्षा रस्त्यालगतची खिडकी महत्त्वाची. टॉवरची स्क्रिप्ट तिथे जशीच्या तशी चालत नाही.

दुसरी चूक घर न दाखवण्याची. सेफ्टी डोअर, हॉल, पॅसेज, बेडरूम हा क्रम सुरुवातीलाच एखाद्या साध्या कामातून दाखवा. डबा भरून आई मुलाला शोधत आत जाते, एवढं पुरे. मग नेहमी उघडं असणारं दार एकदा बंद दिसलं, की कोणी काही न सांगता प्रेक्षक सावरून बसतो. जागा कमी म्हणून 16 एमएमची वाइड लेन्स लावली तर हॉल अवाढव्य दिसतो आणि कडेचे चेहरे ताणले जातात. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 28 ते 35 एमएम ठेवा, ट्रायपॉड बाथरूममध्ये किंवा ड्राय बाल्कनीत न्या आणि दाराच्या चौकटीतून शूट करा.

अंधार हवा म्हणून कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला की काळ्या भागात नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके, नाचतो. एक दिवा चेहऱ्याच्या बाजूने नीट लावा आणि अंधार ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड ठरवताना, उतरवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून दिवे लुकलुकताना दिसू नयेत यासाठी शटर स्पीड 1/50 सेकंद ठेवा, फ्रेम रेट 24 असो वा 25. स्वस्त एलईडी आणि डिमर तरीही लुकलुकू शकतात. दहा सेकंद रेकॉर्ड करून मोठ्या स्क्रीनवर तपासा.

सगळ्यात जास्त नुकसान आवाजात होतं. फ्रिज आणि पंखा बंद करा, पाण्याच्या पंपाची वेळ विचारून घ्या. फ्रिज परत सुरू करायला हमखास विसरतात, म्हणून गाडीची चावी फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज आठवेलच. प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा. शांत प्रसंगात ट्रॅक कोरा सोडला तर प्रेक्षकाला भीती वाटत नाही, स्पीकर बिघडला असं वाटतं. खोलीचा हलका आवाज ठेवा, आणि त्यातून नेहमीची एक गोष्ट, समजा घड्याळाची टिकटिक, हळूच काढून घ्या. खोल घुमणारं संगीत मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. त्यात 200 ते 400 हर्ट्झचा थर मिसळा. संगीत धोक्याच्या आधी सुरू झालं तर ते चाहूल देऊन टाकतं, म्हणून दार उघडल्यावरच येऊ द्या.

मूल अभिनय करणार असेल तर त्याला खरोखर घाबरवू नका. त्याची प्रतिक्रिया वेगळी घ्या. ‘वर बघ, आता खालच्या कपाटाकडे बघ, श्वास रोखून धर’ एवढ्यावर भीती उत्तम दिसते, कारण उरलेलं काम एडिटिंग करतं. व्यावसायिक निर्मितीत 14 वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम नाही.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांनाही आधी सांगा. रात्री बाराला किंकाळी ऐकून कोणी 112 लावला, तर त्यांचं काही चुकलेलं नसतं. म्हणून किंकाळी दिवसा, खिडक्या लावून वेगळी रेकॉर्ड करा, आणि रात्रीच्या शॉटमध्ये कलाकाराला आवाज न करता फक्त तोंड उघडायला सांगा.