प्राध्यापकांनी घरात शिरणारे काम कसे आवरावे

प्राध्यापकाला दिवसाला तीन-चार तासिका असतात, म्हणजे उरलेला वेळ मोकळाच, असा समज नाशिकमधल्या अनेक घरांत आणि काही प्राध्यापकांच्याही मनात घट्ट बसलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा असतो. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास सहायक प्राध्यापकासाठी, तर १४ तास सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांच्यासाठी धरलेले आहेत. म्हणजे सहायक प्राध्यापकाचे २४ तास तयारी, संशोधन, उत्तरपत्रिका आणि समित्यांच्या कामाचे असतात. हे २४ तास कधी आणि कोठे द्यायचे ते आपण ठरवले नाही, तर ते रात्रीच्या जेवणानंतर आणि रविवारी हक्काने घरात येतात. म्हणून तासिकांच्या वेळापत्रकातच हे तासही लिहावेत आणि त्यांची जागा शक्यतो महाविद्यालयातच ठेवावी. विनियमांनुसार रोज किमान ५ तास उपस्थिती अपेक्षित असतेच, तेव्हा दोन तासिकांमधला वेळ स्टाफरूमच्या गप्पांत घालवून तेच काम संध्याकाळी घरी नेणे कोणाच्याच हिताचे नाही.

उत्तरपत्रिकांचे उदाहरण घेऊ. अंतर्गत परीक्षेच्या ६० उत्तरपत्रिका आहेत आणि एकीला आठ मिनिटे लागतात असे धरले, तर ते पूर्ण आठ तासांचे काम होते. गठ्ठा घरी आणला की तो जेवणाच्या टेबलावर आठवडाभर पडून राहतो, मुलांना वह्या ठेवायला जागा उरत नाही आणि आपण टीव्हीसमोर बसून दोन-दोन पेपर तपासत राहतो. त्यात ना तपासणी नीट होते, ना घरच्यांशी बोलणे. त्याऐवजी ग्रंथालयात किंवा विभागात चार दिवस रोज दोन तास राखून पंधरा-पंधरा उत्तरपत्रिका संपवाव्यात. त्यातही आधी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे तपासले तर हात भरभर चालतो आणि गुणदानही समान राहते.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला द्यायच्या कागदपत्रांनी जितक्या घरांतल्या सुट्ट्या खाल्ल्या आहेत, तितक्या अन्य कशानेही नसतील असे मला वाटते. याचे मूळ बहुधा साठवून ठेवण्यात असते. एखादे व्याख्यान झाले की त्याच दिवशी, सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी, सूचनेची प्रत, विद्यार्थ्यांच्या सह्यांचा कागद, स्थळ-वेळ दिसणारी दोन छायाचित्रे आणि दहा ओळींचा अहवाल एका फोल्डरमध्ये टाकावा. फोल्डरच्या नावात तारीख आणि नॅकच्या संबंधित निकषाचा क्रमांक लिहावा. वीस मिनिटांचे हे काम दोन वर्षांनी करायला गेले, तर सह्यांचा कागद सापडत नाही, पाहुण्यांचे पदनाम आठवत नाही आणि दिवाळीची सुट्टी शोधाशोधीत जाते.

सत्राचे नियोजन घरच्यांच्या साक्षीने करावे. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आधी मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांच्या तपासण्या आणि घरचे कार्यक्रम लिहावेत, त्यानंतर विद्यापीठाच्या परीक्षा आणि समित्यांच्या बैठका. हा क्रम मुद्दाम पाळावा, कारण उलट केले की घरच्या गोष्टींना उरलेसुरले दिवस मिळतात. पती-पत्नींपैकी एक गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयात आणि दुसरे सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर असेल, तर पाळी बदलण्याचे दिवसही तेथेच नोंदवावेत. कामे वाटताना ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाटावीत. डबा ज्याच्याकडे असेल त्याने भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळे पाहावे, नाहीतर लक्षात ठेवण्याचा भार प्राध्यापिकेवरच राहतो आणि तिच्या संशोधनाचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. पुरुष सहकाऱ्यांनीही मुलाला शाळेतून आणायचे असेल तर तसे स्पष्ट सांगून निघावे. विभागात हे एकाने केले की दुसऱ्याला सोपे जाते.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी संपर्कसत्रे घेणाऱ्या प्राध्यापकांनी त्या रविवारच्या बदल्यात आठवड्यातली एक संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांबाबत विभागप्रमुखांनीच पुढाकार घेऊन, परीक्षेच्या तातडीच्या कामाखेरीज संध्याकाळी सातनंतर संदेश टाकू नयेत असे ठरवावे. हे कनिष्ठ सहकारी सुचवू शकत नाही.

रजांची माहिती मात्र प्रत्येकाने स्वतः करून घ्यावी. राज्य शासनाने २०१८ पासून अनुदानित महाविद्यालयांतील पूर्णकालिक महिला कर्मचाऱ्यांनाही मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची सोय दिली आहे; दहावी-बारावीचे वर्ष किंवा मुलाचे आजारपण यांसाठी तिचा विचार आधीच करावा. सुट्टीच्या काळात कामाला बोलावले गेले तर लेखी आदेश जरूर घ्यावा, कारण त्या कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या अर्जित रजेचा हिशेब कागदावरच होतो.

प्रवासाचा वेळही कार्यभारासारखाच मोजावा. नाशिकरोडहून गंगापूर धरणाकडे किंवा म्हसरूळला, अथवा शहरातून सिन्नर, निफाडला रोज जाणाऱ्यांनी सत्र सुरू होण्यापूर्वीच वेळापत्रक समितीकडे सलग तासिका मागाव्यात. २०२७ च्या सिंहस्थात स्नानपर्वांच्या दिवसांत त्र्यंबक रस्ता आणि पंचवटीकडची वाहतूक वळवली जाईल, तेव्हा त्या आठवड्यांपुरत्या बदली तासिकांचे नियोजनही याच वेळी करावे.

तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेऊन शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना यातील बहुतेक सवलती मिळत नाहीत. एका दिवसात दोन महाविद्यालये गाठणाऱ्या या शिक्षकांनी मानधनाबाहेरच्या समित्यांचे काम स्वीकारण्यापूर्वी त्याचे तास लेखी विचारून घ्यावेत, आणि वेळापत्रक करणाऱ्या कायम प्राध्यापकांनी त्यांच्या तासिका सकाळी किंवा दुपारी एकत्र लावाव्यात; सकाळी आठची एक आणि दुपारी दोनची एक अशा विखरून ठेवू नयेत.